डब्यातल्या रानाचा मालक

सोलापूर, साखर पेठ
३ ऑगस्ट २०२५

वैजूताई,

नमस्कार पोचला असं धर. फोनवर मी अर्धं बोलतो आणि उरलेलं रेंज खाते, म्हणून तू कागदावर लिहायला लावलंस. दहावीच्या पेपरानंतर एवढा मोठा कागद मी हातात धरलेला नाही. अक्षराला हसू नकोस.

तुझ्या संस्थेचा डबा शुक्रवारी मिळाला. डबा म्हणजे तो डोळ्यांवर बांधायचा चष्मा. वळसंगच्या एसटीत मांडीवर घेऊन बसलो होतो, तर कंडक्टर म्हणाला, कुकर आहे का यात? मी म्हटलं, यात अख्खं जग आहे. तो म्हणाला, मग जगाचं अर्धं तिकीट काढ. शेजारच्या बाईंना बघायचं होतं म्हणून त्यांना डबा लावून दिला, त्या वळसंग आलं तरी काढेनात, त्यामुळे मी एक थांबा पुढे उतरलो आणि उन्हातून चालत मागे आलो. वाटेत रसाचं गुऱ्हाळ लागलं. ते असो.

गावच्या समाजमंदिरात लोक जमले. तू सांगितलं होतंस तसंच मी सांगितलं. उद्या माणसं बाजार, शाळा, कचेरी सगळं असल्या आभासी जगात जाऊन करणार. इंटरनेटचं पुढचं रूप हेच. तिथले नियम कसे असावेत याचा मसुदा सरकारची एक समिती करते आहे, आणि पुण्या-मुंबईच्या जोडीनं वळसंगच्या माणसाचंही मत तिला हवं आहे. म्हणून आधी पंधरा मिनिटं आत जाऊन या आणि मग फॉर्म भरा. मागून एक जण म्हणाला, रेशनचं मशीन अंगठा घेत नाही, आधी त्याचा मसुदा करा. ते मी वेगळ्या कागदावर लिहून घेतलं आहे.

आता केराबाईचं सांगतो. ही आपल्याच बाजूची, सांगोल्याकडची मेंढपाळ. गुडघे गेले म्हणून तीन वर्षांपूर्वी मेंढरं विकून नवऱ्यासकट लेकाकडे वळसंगला आली. लेक शहाजी, टॉवेलच्या कारखान्यात आहे. नातीनं, ऋतुजानं, हाताला धरून आणलं होतं. डब्यातलं ते ‘हिरवं रान’ तू बघितलं आहेसच. गवत, ओढा, आणि हातातली कांडी दाबली की झाड, घर, जनावर काय हवं ते ठेवता येतं. ऋतुजा म्हणाली, आजी, मेंढरं पण आहेत. म्हातारीनं कांडी दाबायला बोट नेलं आणि मागे घेतलं.

“रान कुणाचं हाय?”

मी म्हटलं, कुणाचं नाही, कॉम्प्युटरचं आहे.

“कुणाचं न्हाय असं रान असतंय व्हय? गवात एवढं उभं हाय, म्हंजे राखलंय की कुणीतरी. इचारल्याबिगर मेंढरं घालायची न्हाईत.”

मागे रांग लागलेली. ती काही ऐकेना. शेवटी घातली समजूत. कशी ते महत्त्वाचं नाही. मग तिनं अकरा मेंढरं घातली आणि नुसती बघत बसली. पंधरा मिनिटांची पन्नास झाली आणि रांग घरी गेली.

पुढच्या रविवारी परत जातो आहे, पायलीभर ज्वारी घेऊन. ज्वारी कशाला ते विचारू नकोस.

बिरुदेव


पुणे
११ ऑगस्ट

बिरुदेवास,

पत्र मिळालं. तीन पानांतलं सव्वा पान एसटीचं आहे, तरी दोनदा वाचलं.

केराबाईंचा प्रश्न मी दुपारच्या चहाला वाचून दाखवला. समितीसाठी आमची संस्था लिहिते तो मसुदा एकशे चाळीस पानांचा आहे. त्यात मुलांची सुरक्षा आहे, चेहरे चोरण्याबद्दल आहे, एका जगातून दुसऱ्या जगात सामान नेण्याबद्दल आहे. पण आत शिरणाऱ्या माणसाला जागेचा मालक कोण हे कळावं कसं, यावर धड एक परिच्छेद नाही. फॉर्ममधला नववा प्रश्न, ‘तुम्ही वावरलात त्या जागेचा मालक कोण?’, तो मीच हट्टानं घालून घेतला होता. सोमशेखर सरांना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, तो फालतू वाटतो. त्यामुळे नऊ नंबरचं उत्तर कुणाकडून कोरं घेऊ नकोस. आणि केराबाई जे बोलतील ते जसंच्या तसं लिही. तुझी भर घालू नकोस.

पंचवीस तारखेच्या आत फॉर्म पाठव. डबा आणि रान कंपनीनं चाचणीसाठी दिलं आहे, सप्टेंबरअखेरपर्यंत चालेल.

आता घरचं. वर्षभरात तू मोडनिंबचं हॉटेल सोडलंस, जेसीबी सोडलास, लग्नातला ड्रोन सोडलास. एकाही ठिकाणी सांगून नाही. घरातूनही तसाच गेलास. काका, म्हणजे तुझे आबा, परवा फोनवर सगळ्यांची चौकशी करून झाल्यावर म्हणाले, “तो कुठं हाय, हे त्याला तरी ठावं हाय का?” या कामासाठी मी सरांना तुझा शब्द दिला आहे. चुलत भाऊ म्हणून नाही, लोक तुझ्याशी बोलतात म्हणून. तो शब्द सांभाळ.

ज्वारीचं विचारत नाही. पण लक्षात ठेवलं आहे.

वैजूताई


सोलापूर
२४ ऑगस्ट

वैजूताई,

एकतीस फॉर्म सोबत आहेत. एकही नऊ नंबर कोरा नाही, मोजून घे.

मैंदर्गीला जाऊन आलो. तिथं निम्मी बोलणी कानडीत. गुरुसिद्धप्पा म्हणून एक तुरीवाले शेतकरी आहेत, डबा लावल्याबरोबर म्हणाले, “इदु यार होल?” शेजारच्यानं सांगितलं, शेत कुणाचं म्हणून विचारतायत. म्हणजे केराबाईचाच प्रश्न. मी दिलं उत्तर. त्यांनी मान डोलवली आणि बांधानं बांधानं चालत राहिले, मध्ये पाऊल घातलं नाही. हिरव्या रानात बांध नाही ताई. ते स्वतःच्या मनातल्या बांधानं चालत होते, आणि इकडे खरोखर भिंतीला धडकले. लागलं नाही. मग भजी खाल्ली. मैंदर्गीची मिरची, त्याबद्दल मी एक पान लिहू शकतो, पण तू रागावशील.

वळसंगला दर रविवारी जातो. डबा मिटला तरी ते रान चालूच राहतं आणि मेंढरं चरत राहतात, हे कळल्यापासून केराबाईला आठवडा जात नाही. पहिल्या रविवारी तिनं मेंढरांना वाघर घातली. तुमच्या ऑफिसातल्यांसाठी सांगतो, वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं दोरीचं जाळं. रानात ते मिळत नाही, म्हणून तिनं बागेची शोभेची जाळी एकेक करून गोल मांडली, अख्खी दुपार. तात्याबा, तिचा म्हातारा, ओट्यावरून सगळं बघतो. डब्याला हात लावत नाही. मला म्हणाला, “हवेत हात हलवून मेंढरं हाकतीया. येडी झाली म्हणत्याल लोक.” केराबाई डब्यातूनच म्हणाली, “लोकास्नी काय दिसतंय? तुमी गप बसा, मेंढरं बिचकत्यात.”

परवा एक मेंढी व्याली. जनावरं पिल्लं देतात अशी त्या खेळाची रचनाच आहे. पण तिथलं कोकरू महिनाभर एका जागी बसून राहतं आणि ओरडतं, मग चालायला लागतं. उचलून घ्यायची सोय नाही. केराबाईनं चार वेळा वाकून बघितलं, हात रिकामाच वर आला. मग तिनं मला हे सांगितलं, जसंच्या तसं लिहितो:

“रानाच्या मालकानं उठवायचं असंल तर तीन दिस आदी सांगायचं. अन् मेंढी व्याली असंल तर कोकरू आईमागं चालंस्तवर उठवायचं न्हाय. ह्यो आमचा रिवाज. एकदा मोडनिंबाकडं एकानं सकाळी येऊन आत्ताच्या आत्ता उठा म्हणून सांगितलं. कोकरू कालचं. वटीत घेऊन चालले. दोन कोसावर गेलं ते.”

मोडनिंबला मी सात महिने ताटं उचलली, त्याच रस्त्यावर. पण ते असो. मसुद्यात हे बसतं का बघ.

मी मजेत आहे. खरंच मजेत आहे. रविवारची वाट बघण्यासारखं काम मला पहिल्यांदाच मिळालं आहे.

बिरुदेव


पुणे
१ सप्टेंबर

बिरुदेव,

एकतीसपैकी सव्वीस फॉर्ममध्ये नऊ नंबरचं उत्तर ‘बिरुदेव’ असं आहे. काहींनी आदरानं ‘बिरुदेव सांगोलकर’ लिहिलं आहे. आपलं आडनाव ते नाही हेसुद्धा तू त्यांना सांगितलेलं दिसत नाही.

सोमशेखर सरांनी गठ्ठा उघडला आणि मला बोलावलं. त्यांचं म्हणणं, पोरानं चहाच्या टपरीवर बसून एकट्यानं सगळे भरले आहेत. अक्षरं वेगवेगळी आहेत हे मी दाखवलं, तर म्हणाले, मित्रांना बसवलं असेल. सोलापूरचा गठ्ठा बाजूला ठेवला आहे. समितीपुढे जाणार नाही. म्हणजे केराबाईंचं जे बोलणं मला सगळ्यात पुढे ठेवायचं होतं, ते त्याच गठ्ठ्याबरोबर गेलं. एका कागदावर विश्वास नाही तर दुसऱ्यावर का ठेवायचा, असं ते म्हणाले.

दुसरी गोष्ट. कंपनीची एका ओळीची ईमेल आली. हिरवं रान बारा सप्टेंबरला दुपारी बारा वाजता बंद होणार, आतलं सगळं पुसलं जाणार. महिनाअखेरपर्यंतचं बोलणं होतं, पण चाचणी असल्यामुळे वापरणाऱ्यांना कळवणं करारात बसत नाही म्हणे. तुझ्या केराबाईंचं कोकरू तोवर चालत नाही, हे मी बोटांवर मोजलं.

खरं काय ते लिही. रागावले आहे, पण खोटं लिहिलंस तर त्याहून वाईट वाटेल.

वैजयंती


सोलापूर
४ सप्टेंबर, स्पीड पोस्टनं

वैजूताई,

फॉर्म खरे आहेत. माणसं खरी आहेत. खोटा मी आहे.

पहिल्या दिवशी रांग लागलेली, केराबाई अडून बसलेली, तेव्हा मी म्हटलं, रान माझंच आहे, घाला मेंढरं. मला वाटलं एवढ्यानं भागेल. तिनं वळून माझ्याकडे बघितलं, हात जोडले आणि विचारलं, किती दिस बसवू? आणि दाणं किती देशील? रानात मेंढरं बसली की लेंडीखत मिळतं, म्हणून रानवाल्यानं मेंढपाळाला धान्य द्यायचं असतं, हे आपल्या घरातलंच. मी विसरलो होतो. पायली म्हणून बसलो. दर रविवारी ज्वारी नेतो ती यासाठी. हसशील तर हस.

मग तेच गावात झालं. केराबाई जाईल तिथं सांगायची, रान त्या पोराचं हाय, भला हाय. मैंदर्गीला गुरुसिद्धप्पांना मी पुन्हा तेच म्हटलं, कारण एकदा बोललं की दुसऱ्यांदा सोपं जातं. लोकांनी नऊ नंबरला जे ऐकलं ते लिहिलं. आणि खरं सांगू का, मला आवडत होतं. माझ्या नावावर विहिरीतलं पाणीसुद्धा नाही, आणि वळसंगला मी रस्त्यानं चाललो की एखादा म्हणतो, रानवाले आले.

तुझं पत्र वाचून मी बॅग भरली. मोडनिंबच्या हॉटेलवाल्याला फोन केला, तो नाव न विचारताच म्हणाला ये. डबा शेजाऱ्याकडे ठेवून जायचं, तो कुरियर करेल, असं ठरलं. स्टँडवर गेलो. मोडनिंबची गाडी लागलेली होती. शेजारी अक्कलकोटची, वळसंगवरून जाणारी. तोच कंडक्टर होता. म्हणाला, आज कुकर कुठं?

मोडनिंबची गाडी सोडून दिली. परत खोलीवर गेलो, डबा घेतला आणि पुढच्या गाडीनं वळसंगला गेलो.

केराबाई शेंगा निवडत होती, तात्याबा ओट्यावर. मी उभ्या उभ्याच सांगितलं. रान माझं नाही. एका कंपनीचं आहे, ती कुठं आहे ते मलाही माहीत नाही. बाराला दुपारी सगळं पुसणार आहेत. मी खोटं बोललो.

तिनं हातातली शेंग सुपात टाकली आणि म्हणाली, “म्हंजे तू बी आमच्यासारखाच. दुसऱ्याच्या रानात.”

मी म्हटलं, व्हय.

“मग ज्वारी कशाला आणलीस?”

मी म्हटलं, शब्द दिला होता.

तात्याबा हसला. पहिल्यांदा हसताना बघितला. म्हणाला, “खोटा मालक दाणं घालतंय, अन् खरा तोंड बी दावत न्हाय.”

केराबाई हसली नाही. ती म्हणाली, “कोकराचं काय?” मी म्हटलं, माझ्या हातात नाही. तर म्हणाली, ज्याच्या हातात आहे त्याचा पत्ता दे. तो नाही म्हटल्यावर तुझा मागितला. “तुझी ताई लिहिणारी हाय नव्हं? तिला कळंल कुणाला सांगायचं ते.” उद्या ऋतुजाकडून लिहून घेणार आहे.

तू सरांना माझं हे पत्र दाखव. नोकरी गेली तर जाऊ दे. पण फॉर्म त्या लोकांचे आहेत, ते माझ्या पापात टाकू नका.

बॅग अजून भरलेलीच आहे, पण कॉटखाली सारली आहे.

बिरुदेव


वळसंग
५ सप्टेंबर

पुण्याच्या वैजयंतीबाईस केराबाईचा रामराम. लिहिणार ऋतुजा, इयत्ता नववी. आजी बोलते तसं लिहिते आहे, चुका माझ्या नाहीत.

तुजा भाऊ खोटं बोलला त्ये त्यानं सांगितलं. मी त्येला बोलले न्हाय. म्या सोता इचारलं हुतं रान कुणाचं, अन् सांगाया दुसरं कुणीच नव्हतं. एवढं मोठं रान, अन् बांधावर मानूस न्हाय, पाटी न्हाय. मग हुबा हाय त्येलाच मालक म्हणायचं की. आमी सगळ्यांनी तसंच लिवलं. फारम खोटं न्हाईत, अंगठा माझा हाय.

आता माझं म्हणनं लिवून घे अन् तुज्या सायबापुढं ठेव. रान कुणाचं ते शिरतानाच कळावं. हाक मारली तर ओ द्यायला कुणीतरी असावं. उठवायचं तर आदी सांगावं, आमाला कळंल अशा बोलीत. व्यालेली मेंढी उठवू नये. अन् ज्यानं जे आणलं त्ये त्येला नेऊ द्यावं. नेता येत न्हाय म्हणतोय बिरुदेव, दुसऱ्या रानात ही मेंढरं चालत न्हाईत म्हणं. मग निदान माझ्या हातानं मला भाईर काडू द्या. कुणी पुसून टाकायची न्हाईत. मला ठावं हाय ती खरी न्हाईत. मला काय येडी समजू नगा. पर मी दर आयतवारी त्यांच्याकडं बगितलंय, त्ये तर खरं हाय.

ज्वारी आमी खाल्ली, ती परत मिळायची न्हाय.

तात्याबा म्हणत्यात, बिरुदेवाला कामावरनं काडू नगा. मी बी म्हणते.

(आजीचा अंगठा खाली आहे. शाई घरची, जरा पसरली. — ऋतुजा)


पुणे
१५ सप्टेंबर

बिऱ्या,

बातमी फोनवर कळवलीच, तरी कागदावर असू दे.

तुझं पत्र आणि केराबाईंचं पत्र, दोन्ही मी सोमशेखर सरांच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन बसले. वीस मिनिटांनी त्यांनी हाक मारली. केराबाईंच्या पत्रातली ‘हुबा हाय त्येलाच मालक म्हणायचं की’ ही ओळ त्यांनी पेन्सिलीनं अधोरेखित केली होती. म्हणाले, “सव्वीस फॉर्म चुकीचे नाहीत. आपण प्रश्न विचारला, उत्तर मिळालं. मालक कुणाला दिसतच नाही, हेच उत्तर आहे.” गठ्ठा परत आत आला. त्यावर तुझी कबुलीसुद्धा जोडलेली आहे, ते मी टाळलं नाही. सरांनी तुला निरोप दिला आहे की पुन्हा स्वतःला जमीनदार करून घेतलंस तर खैर नाही. म्हणजे नोकरी आहे.

बारा तारखेआधी समितीची बैठक होती. कंपनीचा माणूस स्क्रीनवर होता. त्यानं सांगितलं, चाचणीच्या जगात कुणाचं काही नसतं, तसं शर्तींत लिहिलेलं आहे, बासष्टाव्या पानावर, इंग्रजीत. सरांनी त्याला केराबाईंचं पत्र वाचून दाखवलं. सरांचं बालपण अक्कलकोटचं, वाचताना त्यांची बोली आपसूक तशी झाली. माणूस वाईट नव्हता. त्यालाही कुणी कळवलेलं नव्हतं. रान तीस सप्टेंबरपर्यंत चालू ठेवतो म्हणाला. बाहेर नेण्याची सोय मात्र खरोखरच नाही, तेवढं जमलं नाही.

मसुद्यात पडलेलं कलम असं आहे: ‘आभासी जग चालवणाऱ्यानं, ते चाचणीसाठी असलं तरी, प्रवेशापाशीच आपलं नाव आणि संपर्क वाचता येईल असा द्यावा. ते बंद करण्यापूर्वी तिथं वावरणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत किमान तीस दिवस आधी कळवावं. वाढत्या अवस्थेतलं काम पुरं करण्यास आणि स्वतःचं ते सोबत नेण्यास मुभा द्यावी.’ ऑफिसात याला सगळे कोकराचं कलम म्हणतात. कायदा व्हायला वेळ आहे. तीसचे पंधरा होतील, कदाचित शेवटचं वाक्य गळेल. मी भांडेन.

काकांना मी काही सांगितलेलं नाही. ते तू सांग.

वैजूताई


सोलापूर
१ ऑक्टोबर

वैजूताई,

काल रान उठलं. सगळं क्रमानं सांगतो, मध्ये कुठं जात नाही.

सकाळी दहाला वळसंगला पोचलो. जाताना ज्वारीची शेवटची पायली नेली. वाटेत एकाच्या मोटरसायकलची साखळी पडली होती, तेवढी बसवून दिली, पण ते लांबवत नाही. ओट्यावर बरीच माणसं. मैंदर्गीहून गुरुसिद्धप्पा आले होते, शहाजीनं पाळी बदलून घेतली होती. डब्यात दिसतं ते मी माझ्या फोनवर लावून दिलं, म्हणजे सगळ्यांना बघता यावं. कोकरू अकरा दिवसांपूर्वीच चालायला लागलं होतं. केराबाईला मी तुझं कलम वाचून दाखवलं, तर म्हणाली, तीस दिस कशाला, खरं कोकरू चार दिसात पळतंय, ह्यांच्या डबड्यातलंच सुस्त हाय. पर असू दे, म्हणाली. मानसं बी सुस्त असत्यात.

डबा बांधून ती उभी राहिली. आधी शोभेची जाळी एकेक काढली, जशी मांडली होती तशीच. मग खाली वाकून हातानं जमीन साफ केल्यासारखं केलं. तिथं कचरा नव्हता. कुणी हसलं नाही. मेंढरं आता कोकरासकट बारा झाली होती. रानाच्या टोकाला ओढा आहे आणि ओढ्यापुढे धुकं. धुक्यात गेलेलं जनावर परत येत नाही. ती कांडी पुढे धरून चालू लागली, म्हणजे खरं तर ओट्यावरच पाय उचलून ठेवत होती, ऋतुजा कमरेला धरून. ओढ्यापाशी आल्यावर थांबली आणि डबा काढला.

“शेवटचं तुमी हाका,” तात्याबाला म्हणाली.

तो नको म्हणाला. मग टोपी काढली. मी डबा बांधला. त्याची मान डुगडुगत होती, ती एकदम स्थिर झाली. त्यानं जिभेनं टकटक केलं. त्या मेंढरांना आवाज कळत नाही हे मी सांगणार होतो, पण त्याच वेळी केराबाईनं त्याच्या हातातली कांडी वर उचलली आणि मेंढरं निघाली. एकेक करून धुक्यात गेली. फोनवर आकडा उतरत होता, मी तो झाकून धरला.

“कोकरू कुटं हाय?” तात्याबानं विचारलं.

“मागं बघा की,” केराबाई म्हणाली.

त्यानं मान वळवली. सबंध वळवली, पार पाठीकडे.

“चालतंय,” म्हणाला. “आईमागं चालतंय.”

मग तेही गेलं. तात्याबानं स्वतःच डबा काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “मालक, निघालो.”

मी म्हटलं, तात्याबा, मी मालक नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तर म्हणाला, असू दे, निघताना सांगायचं असतंय, ज्येला सांगता येतंय त्येला सांगायचं. रानवाला यावर काय म्हणतो ते मला आपल्या घरातून आठवलं. मी म्हटलं, पुढल्या साली या. आणि पायली पुढे केली. केराबाईनं ओटीत घेतली. गुरुसिद्धप्पांनी काही तरी कानडीत म्हटलं, मला कळलं नाही, पण तात्याबाला कळलं आणि दोघं पान खायला बसले.

बारा वाजता फोनवर पाटी आली, धन्यवाद अशी. इंग्रजीत.

आता माझं. सोलापूरचं काम संपलं. तुझ्या सरांनी पुढच्या फेरीला लातूरकडे जाशील का म्हणून विचारलं आहे, मी हो म्हटलं आहे. डबा पुसून, खोक्यात घालून, पावतीसकट पाठवला आहे. घरमालकाला सांगितलं. कंडक्टरला सांगितलं, तो म्हणाला, मग कुकर कोण आणणार? मोडनिंबच्या हॉटेलवाल्याला फोन करून, गेल्या वर्षी न सांगता गेलो होतो त्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, कोण बिरुदेव? तरी सांगून बरं वाटलं.

अकरा तारखेला इथून निघतो. आधी सांगोल्याला घरी जाईन, चार दिवस राहीन आणि सोळाला लातूरला जाईन. आबांना वेगळं पत्र टाकलं आहे, दहा दिवस आधी. त्यांना वाचायला लागेल तेवढा वेळ. त्यात जास्त काही लिहिलेलं नाही. कधी येतो, कधी जातो आणि कुठं असेन, एवढंच.

तुझा
बिरुदेव